आत: शून्य

"पोरी, आत किती गेले ते कुणीही मोजेल. परत किती आले ते मोजायचं असतं," काका म्हणाले होते. मी नुसती मान डोलावली आणि लॅपटॉपकडे वळले.

काका म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरचे सगळ्यांत जुने रक्षक. त्यांच्या चौकीत एक फळी होती, चाळीस खिळे ठोकलेली. खोल जंगलात जाणाऱ्याने खिळ्यावरचा पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, परतल्यावर पुन्हा अडकवायचा. दिवस मावळताना खिळा रिकामा दिसला की काका काठी घेऊन हाका मारत निघत.

मी त्या आतल्या जंगलाचा दहा वर्षांचा आराखडा लिहीत होते. एका मांडीवर कागद, दुसरीवर सात महिन्यांची लेक. आत पर्यटकांसाठी झोपड्या नकोत, पाट्या नकोत, दिवसाला चाळीसच माणसं. त्यासाठी मी भांडले, आणि ते आजही मला पटतं. पण बिल्ल्याऐवजी आत जायचा परवाना मी फोनवर नेला. सूर्यास्ताला तो आपोआप संपेल, असं लिहिलं. फळी एका शब्दात उडवली: कालबाह्य.

"मग रिकामा खिळा कोण बघणार?"

"खिळा नाही काका, स्क्रीन बघायची."

"स्क्रीनला काळजी वाटते का गं?"

"तुम्हाला वाटते तेवढी पुरे की!" बैठकीत हशा पिकला. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली दर दहा मिनिटांनी बोट धरून श्वास बघणारी मी, मीही हसले.

निवृत्तीनंतर काका एकदा जुनी वाट बघायला गेले. रीतसर, सकाळच्या रक्षकाकडून फोनवर परवाना काढून. घळीत पाय घसरला. मावळतीला परवाना संपला, स्क्रीनवर 'आत: शून्य' आलं. संध्याकाळच्या रक्षकाने ते बघून फाटकाला कुलूप घातलं. काका एकटेच राहत, घरी वाट बघणारं कुणी नाही. तिसऱ्या दिवशी वाटसरूंना त्यांची शिट्टी ऐकू आली. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी दवाखान्यात भेटायला गेले तर काका म्हणाले, "ये, साहेबीणबाई! तुझ्या यंत्राने मला वेळेवर बाहेर काढलं हो. पायाला कळवायचं तेवढं राहिलं."

माफीचे शब्द घोकून नेले होते. तेवढ्यात लेक रडायला लागली. तिला उगी करायच्या निमित्ताने मी बाहेर पडले, ती परत आत गेलेच नाही.

आता फळी परत लागली आहे, आराखड्यातलं ते पान मी बदललं आहे. काका फाटकामागच्या आपल्या खोलीत परतले आहेत. मी मात्र तीन महिने जाते-जाते म्हणते आहे. कधी लेकीला ताप, कधी बैठक. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटते. गेल्या आठवड्यापासून ते फोनही उचलत नाहीत.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर फाटकामागची दुसरी खोली. दार ढकला, ते आतून कडी लावत नाहीत. हाक मारा, आणि 'ओ' आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी पाठवलंय हे नाही सांगितलंत तरी चालेल.