नऊ डोळे

सकाळी सहाला सुमतीने नौपाड्यातल्या घरी प्रयोगाच्या बेडूकमाशांचे पाणी बदलले. महिन्यापूर्वी तिने बेडकाच्या त्या बारा पिल्लांच्या उजव्या डोळ्यातले भिंग काढले होते. सगळ्यांना नवे उगवले, असे लिहिलेला प्रबंध आज पाठवायचा होता. एकाएकी तिच्या लक्षात आले. सूक्ष्मदर्शकातून उजवे डावे दिसते. आपण धडधाकट डोळेच तर तपासले नाहीत?

सरळ दाखवणारे हातभिंग घेऊन तिने प्रत्येकाचा व्रण शोधला. नऊ जणांत व्रणामागे नवे भिंग चमकत होते, तिघांत नव्हते.

“म्हणजे बुडालं सगळं?” सगळी हकीकत ऐकून हरिहरपंतांनी बायकोला विचारले.

“नाही हो, तगलं! नऊ जणांना खरंच नवं भिंग उगवलंय.”

“मग माझ्या चष्म्याला सुट्टी कधी?”

ती मोकळी हसली. ‘बारा’ खोडून तिने ‘नऊ’ लिहिले आणि पाकीट चिकटवले.