एकसष्टवर थांबलेलं वजन

क्षितिजाच्या रक्ताचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी उल्हास निशिगंधाला म्हणाला, "नोकरी सोड."

रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाने लावला होता. क्षितिजा माझी नात. वय अकरा, वजन चौसष्ट किलो. साखर अजून ठीक होती, पण इन्सुलिन दुप्पट, यकृताचा आकडा वर, सूज दाखवणारा आकडा वर, आणि लेप्टिन म्हणून काहीतरी होतं ते तर फारच वर.

"दुपारी दीडला पोर शाळेतून येते. घरात कोण असतं? फ्रिज असतो," उल्हास म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि तो फ्रिज भरतं कोण? शनिवारी चिप्सची पाकिटं ट्रॉलीत कोण टाकतं?" निशिगंधा म्हणाली.

"विषय बदलू नकोस."

माझा मुलगा इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. बिघाड दिसला की त्याला लगेच एक स्क्रू सापडतो. हा स्क्रू म्हणजे सुनेची नोकरी. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला दहा वर्षांनी काम मिळालं होतं, आणि त्याला चारच महिने झाले होते. राजीनाम्याचं पत्र त्याने स्वतःच टाइप करून टेबलावर ठेवलं. तिची सही तेवढी बाकी होती.

मी दर दोन वर्षांनी तीन महिने येते. पाहुणीने गप्प बसावं, पण मी बसले नाही. म्हटलं, "आमच्यात जाड कुणी नाही. सोलापुरात अख्ख्या गल्लीत नव्हतं. हे हाडपेर तुमच्या माहेरचं."

निशिगंधाने माझ्याकडे पाहिलं, ते बराच वेळ. पत्राला हात लावला नाही. "डॉक्टरांना भेटू, मग सही करते," एवढंच म्हणाली.

गुरुवारी आम्ही चौघं मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले. त्या सांगत आणि उल्हास मला मराठीत सांगे. चरबी नुसती साठून राहत नाही, ती रक्तातून सारखा निरोप पाठवते, की पुरे झालं, आता खाऊ नको. तो निरोप म्हणजे लेप्टिन. या मुलीच्या रक्तात तो निरोप भरपूर आहे, पण डोकं तो ऐकेनासं झालं आहे. म्हणून तिचं पोट भरतं आणि तिला ते कळत नाही.

"हावरटपणा नाही हा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. हे उल्हासने सांगितलं, पण हळू आवाजात.

मग त्यांनी जुनी कागदपत्रं मागितली. निशिगंधाने पिशवीतून दोन वह्या काढल्या. आणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक पिवळी, मुलीच्या तपासण्यांची. दुसरी मुटरपास, म्हणजे गरोदरपणी दर भेटीला डॉक्टर भरतात ती. पिवळीत पहिल्याच पानावर जन्माचं वजन होतं, दोन हजार शंभर ग्रॅम. नऊ महिने पूर्ण भरून.

डॉक्टरीणबाईंनी दुसरी वही उघडली आणि वजनाच्या रांगेवर पेनाचं टोक ठेवलं. मी शेजारीच बसले होते. मला जर्मन येत नाही. मराठी अक्षरंसुद्धा मी पन्नाशीत शिकले. पण आकडे फार आधीपासून येतात, बिड्यांच्या पंचवीस-पंचवीसच्या जुड्या मोजून आलेले. बावन्न. चौपन्न. सत्तावन्न. एकसष्ट. मग पुन्हा एकसष्ट. पुन्हा एकसष्ट. साठ.

त्यांनी निशिगंधाला काहीतरी विचारलं. ती थोडक्यात उत्तर देऊन खिडकीकडे बघायला लागली.

"उलट्या होत होत्या म्हणते," उल्हासने मला सांगितलं.

उलट्या नव्हत्या. सहाव्या महिन्यात मी स्टुटगार्टला आले होते, तिचं बाळंतपण करायला. पहिलं एकसष्ट माझ्या आधीचं. पुढचे आकडे माझे.

माझी थोरली जाऊ मालिनी बाळंतपणात गेली. मूल मोठं होतं, अडलं. दोन दिवस ती ओरडत होती आणि मी पाणी तापवत होते. आमच्यात तेव्हापासून नियमच झाला, की सहाव्यापासून पोटुशीचं ताट लहान करायचं. मूल बारीक राहतं, सुखरूप सुटका होते. मी स्वतः तशीच राहिले, उल्हास तसाच झाला. निशिगंधालाही मी एकच भाकरी वाढायची. ती दुसरी मागायची. "अडलीस तर इथे तुझी आई आहे का?" असं मी म्हणायची. एकदा तपासणीहून आली तेव्हा तिच्या ओढणीत मिठाचे जाड खडे सापडले. बसस्टॉपवर ब्रेत्झेल, म्हणजे वर मीठ लावलेला इथला पाव, खाल्ला होता. मी तिला चोर म्हटलं. उल्हास तेव्हा जेवत होता, तिसऱ्या भाकरीवर होता. तो हसला.

आणि पोर काडीसारखं झालं म्हणून त्या खेपेला मी व्हिसा वाढवून वर्षभर राहिले, आणि मीच तूपभात चेपून चेपून भरवला. सहा महिन्यांत गुटगुटीत केलं. सोलापूरला फोटो पाठवले.

डॉक्टरीणबाई आणखी बोलल्या. एकच कारण सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. पण पोटात उपाशी राहिलेलं मूल पुढच्या दुष्काळाची तयारी करून जन्माला येतं, आणि त्याला लगेच भरपूर मिळालं की ते सगळं साठवतं. अशी पुष्कळ मुलं त्या बघतात. आईला दोष देऊ नका, असंही म्हणाल्या. आजीचं काही बोलल्या नाहीत. त्यांना काय माहीत!

घरी आलो. उल्हासने पत्र पुढे सरकवलं. "आल्झो, तर मग, भेट झाली. कर सही."

निशिगंधाने पेन उचललं.

"थांब," मी म्हटलं. "उलट्या नव्हत्या. मी जेवू दिलं नाही हिला. माझ्यामुळे झालं."

उल्हास हसला. तसाच, तेव्हासारखा. "आई, काहीतरीच काय! बारा वर्षांपूर्वीची भाकरी आणि आजच्या चिप्स, काय संबंध?"

"तुझ्यासमोर एकच वाढत होते. तू बघत होतास."

त्याचं हसणं गेलं. "मला काय कळतंय त्यातलं? बायकांच्या गोष्टी," तो म्हणाला आणि मोबाइल उचलला.

मला वाटलं होतं, सून रडेल. निदान "जाऊ द्या आई" म्हणेल. तिने पेन खाली ठेवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "क्षितिजा झाली त्याच दिवशी नर्सने वही दाखवून विचारलं होतं. तेव्हाही मी उलट्याच सांगितल्या. नवऱ्याच्या घरात मला जेवायला मिळत नाही, हे जर्मनीत कुणाला सांगू?"

"मग मला तरी बोलायचं होतंस."

"बोलत होते की. दुसरी भाकरी मागत होते."

तिने पत्राचे दोन तुकडे केले. "मी सकाळी साडेसहाला कामाला निघणार. क्षितिजाच्या ताटाकडे तुम्ही दोघं बघा. माझ्या ताटाकडे तुम्हीच बघत होता."

क्षितिजा दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. "इश हाबे हुंगर," म्हणाली. भूक लागली, एवढं जर्मन मलाही येतं.

मी भाकऱ्या करायला घेतल्या. पहिली नातीला वाढली, शेंगाचटणी आणि दही दिलं. उल्हास खोलीतून आलाच नाही. मग निशिगंधा बसली. तिने एक संपवली, दुसरी संपवली, आणि ताट पुढे केलं.

"अजून एक."

तिसरी वाढली, पण तिला भूक नव्हती. घास तोंडात फिरत होता, पाण्यासोबत उतरत होता. ती माझ्याकडे बघत होती आणि खात होती. मी चौथीला पीठ घेतलं. माझ्या तोंडावर आलं होतं, पुरे कर, त्रास होईल.

त्या घरात ते म्हणायची सोय मी ठेवलेली नव्हती. मी भाकरी थापत राहिले.