आमरीला माती

आई चिपळूणला परत गेल्यापासून अरुंधतीच्या घरात एकच गोष्ट वेळच्या वेळी होत होती, ती म्हणजे ऑर्किडला पाणी. बाकी सगळा आनंदीआनंद होता. ओवी चार महिन्यांची, तिच्या झोपेला ना शेंडा ना बुडखा. चहा तीनदा गरम करून शेवटी गारच प्यायचा. नवऱ्याचे, म्हणजे मल्हारचे, मोजे जेवणाच्या टेबलावर. पण ओवीची अंघोळ उरकली, की अरुंधती तांब्याभर पाणी घेऊन खिडकीशी जायची आणि कुंडीत ओतायची. आई असंच घालायची म्हणून.

कुंडी मल्हारच्या ऑफिसातल्या लोकांनी ओवीच्या जन्माला पाठवली होती. नऊ पांढरी फुलं, प्रत्येकाच्या आत इवलीशी जांभळी जीभ. आई तेव्हा नुकतीच जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आली होती. भिंग लावून बघावं तसं तिनं फूल न् फूल बघितलं.

"अगं बाई, ही तर आमरी! आपल्या आंब्याच्या बेचक्यात यायची, तिची ही गोरी बहीण."

चिपळूणच्या घरामागचा आंबा अरुंधतीलाही आठवत होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या फांदीवरून गुलाबी तुरे लोंबायचे, आणि आई शेजारणीला बजावायची, "बांडगूळ म्हणून तोडू नका हो, ही झाडाचं काही खात नाही. नुसती बसते बिचारी." तेव्हापासून त्या घरात ऑर्किडला ऑर्किड म्हणायची सोय राहिली नाही.

व्हिसा वर्षाचा होता, पण एका दमात राहायचं ते नव्वद दिवस, मग तेवढेच दिवस बाहेर. त्या नव्वद दिवसांत आईनं घर डोक्यावर घेतलं आणि मांडीवरही. ओव्याची धुरी दिली तर छतावरचा अलार्म बोंबलला. तिथल्या रविवारच्या सक्तीच्या शांततेत मिक्सर लावला तर खालच्या फ्राउ हार्टमान तक्रार घेऊन वर आल्या आणि हातात अळिवाचे दोन लाडू घेऊन खाली गेल्या. पुढच्या रविवारी त्या आपण होऊन आल्या. आई मराठीत बोलायची, त्या जर्मनमध्ये, आणि दोघींचं अर्धा अर्धा तास काही अडायचं नाही.

जायच्या आठवड्यात मात्र आईनं एक अजब केलं. अरुंधती ओवीला लस देऊन घरी आली, तर ऑर्किडची कुंडीच बदललेली. आधीच्या प्लास्टिकच्या कुंडीत नुसत्या लाकडाच्या ढलप्या होत्या. आता मोठी लाल कुंडी, तिच्यात काठोकाठ काळी माती आणि काठाला हळदकुंकवाचं बोट. मातीची पिशवी मल्हारकडून आणवली होती, कोथिंबीर लावायची म्हणून. अरुंधती म्हणाली, "हे काय गं?" आई म्हणाली, "असू दे." बाळंतिणीला तेवढंच उत्तर पुरतं. ती पाजायला बसली.

हॅनोव्हरच्या विमानतळावर आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "आता परत नाही गं जमायचं मला. गुडघे बोलायला लागलेत. आणि तिकडे तुझे बाबा नव्वद दिवस टोस्ट खाऊन राहिलेत."

"बघू," अरुंधती म्हणाली. त्याच्यापुढे बोलली असती तर रडली असती.

तपासणीच्या रांगेतून आईनं वळून हाक मारली. पोरीला जप म्हणाली नाही, स्वतःला जप म्हणाली नाही. म्हणाली, "कुंडीला पाणी घाल गं! आणि तिला हलवू नकोस!"

ते वाक्य अरुंधतीनं गाठीशी बांधून ठेवलं. आईचं घरात दुसरं उरलंच काय होतं? तेलाच्या बाटलीच्या तळाला बोटभर तेल, ओवीची मऊ दुपटी, डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. दुपारी ओवी झोपली, की घर इतकं गप्प व्हायचं, की फ्रिजचा आवाज सोबतीला वाटायचा. अशा वेळी ती कुंडीशी जाऊन उभी राहायची. आणि कुंडीतली आमरी दिवसेंदिवस मान टाकत चालली होती.

आधी उरलेली तीन फुलं गळली. मग पानं पिवळी पडली, ओल्या पापडासारखी लिबलिबीत झाली. अरुंधतीनं पाणी वाढवलं.

"आमरी काय म्हणते?" आई फोनवर रोज विचारायची.

"मजेत आहे."

"दाखव की."

"ओवी झोपलीय गं त्या खोलीत."

एकदा आईनं फारच धरलं, तेव्हा तिनं ऑक्टोबरातला फोटो पाठवला. नऊच्या नऊ फुलं. आई तो बराच वेळ बघत बसली असावी. मग नुसतं "बरं" असं आलं.

जानेवारीच्या शेवटी, अंगणात बर्फ साचलेलं असताना, एक अख्खं पान अरुंधतीच्या हातात आलं. ओढलंही नव्हतं, नुसतं पुसत होती. तिनं ओवीला पोटाशी बांधलं, कुंडी कडेवर घेतली आणि एक मजला उतरून फ्राउ हार्टमानची घंटा वाजवली. जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या त्या बाईच्या खिडकीत ओळीनं अकरा ऑर्किड होती. सगळी ताठ, पत्रं वाटून आल्यासारखी.

फ्राउ हार्टमाननं कुंडी नाकाजवळ नेली. "माती? हिच्यात माती कुणी घातली?"

"माझ्या आईनं."

"लाडूवाल्या?"

"हो."

"आणि पाणी?"

"रोज. एक तांब्या."

फ्राउ हार्टमाननं डोळे मिटून घेतले. मग शक्य तेवढ्या हळू, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं त्या सांगू लागल्या. "हे बघा, ही झाडावर राहते. मुळं हवेत सोडून. मातीत ती गुदमरते. तुमच्या आईंना हे ठाऊक नसणार, त्यांचा दोष नाही."

अरुंधतीला ते लागलं. आईचं कुणी काही काढलेलं तिला चालायचं नाही. "माझ्या आईला सगळं ठाऊक आहे," ती तिच्या अडखळत्या जर्मनमध्ये म्हणाली. "आमच्या घरामागे आंब्यावर येते ही. आईच सांगायची सगळ्यांना, नुसती बसते म्हणून..."

बोलता बोलता तिलाच ऐकू आलं आपण काय म्हणतोय ते.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ हार्टमान म्हणाल्या. "मग माती का घातली?"

अरुंधतीनं चिपळूणला फोन लावला. तिकडे दुपार टळत होती, आई पडली असणार. घंटी वाजून वाजून थांबली.

"आज काढली तर कदाचित जगेल," फ्राउ हार्टमान टेबलावर वर्तमानपत्र पसरत म्हणाल्या. "उद्या काढलीत तर माझ्याकडे आणू नका. आल्झो, काय करायचं?"

हलवू नकोस, म्हणाली होती आई. अरुंधतीनं कुंडीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. काठावरचं कुंकू पुसट झालं होतं. आईनं थापून बसवलेली माती उपसायची म्हणजे आईनं घातलेली वेणी सोडण्यासारखं वाटत होतं. पण वेणी राहील आणि डोकंच जाईल, असं आता झालं होतं. तिनं कुंडी आडवी केली.

माती ढेकळाढेकळानं निघाली. मुळं काळी पडली होती, दाबली की चिखल व्हायची. आणि अगदी तळाशी, ठिकरीच्या वर, तिच्या बोटांना कापड लागलं.

सुपारीएवढी पुरचुंडी. काळ्या दोऱ्यानं सात वेढे देऊन बांधलेली. माती झटकली, तशी निळी फुलं फुलं दिसली आणि अरुंधतीनं ते कापड ओळखलं. आईच्या ज्या जुन्या साडीची ओवीची दुपटी झाली, तिचाच तुकडा. सोडून बघायची गरज नव्हती, तरी तिनं सोडलं. आत मनुकेसारखं सुकलेलं, काळसर काहीतरी.

नवव्या दिवशी पडली होती ती. अरुंधती तेव्हा दुधानं दाटलेली छाती धरून रडत होती. आई म्हणाली, "दे इकडे, मी बघते." पुढे काय झालं, ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"वास इस्ट दास? काय आहे हे?" फ्राउ हार्टमाननं विचारलं.

नाळेला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते भाषेच्या वर्गात आलं नव्हतं. अरुंधतीनं ओवीला पोटाशी बांधलेलं सोडवलं, तिचा अंगरखा वर केला आणि बेंबीवर बोट ठेवलं. ओवीला गुदगुल्या झाल्या, ती हसली.

फ्राउ हार्टमाननं चष्मा काढला. त्या आत गेल्या, उकडलेलं अंडं ठेवायचा एक निळ्या काठाचा पेला घेऊन आल्या, धुवून पुसून कोरडा केलेला, आणि अरुंधतीसमोर ठेवला. अरुंधतीनं पुरचुंडी पुन्हा बांधून त्यात ठेवली. मग त्यांनी कात्री गरम पाण्यातून काढली आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "चला. जेवढं मऊ, तेवढं कापायचं."

शेवटी चार मुळं उरली.

"दालचिनी आहे? कापलेल्या जागी लावतात, म्हणजे बुरशी धरत नाही. माझी नाताळात संपली."

अरुंधती वर जाऊन डबी घेऊन आली. झाकणावर आईचं अक्षर होतं: दालचिनी पूड, चहात चिमूटभरच. तिनं चिमूट चिमूट जखमांवर लावली. खोलीभर आईच्या चहाचा वास सुटला. तिला उगीचच नाक पुसावं लागलं.

मग ढलप्या, पारदर्शक कुंडी आणि सूचना. पाच दिवस अजिबात पाणी नाही. नंतर आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी, दहा मिनिटं पाण्यात बसवायची, निथळायची. बाकी सहा दिवस लांबून बघायचं.

"फूल कधी येईल?"

"एक वर्ष. दोन. नाहीच येणार कदाचित." फ्राउ हार्टमाननं खांदे उडवले. "थांबायचं असतं."

आईचा फोन आला तेव्हा अरुंधती घरी पोहोचली होती. या खेपेला तिनं कॅमेरा सरळ खिडकीकडे वळवला. दोन पानं, चार मुळं आणि शेजारी निळ्या काठाचा पेला.

आईचा चेहरा पडद्याजवळ आला. "काढलीस?"

"काढली."

"मिळाली?"

"मिळाली. आई, सांगायचंस ना गं!"

"काय सांगू? तू म्हणाली असतीस, आई, हे कसलं खूळ."

"म्हणाले असते," अरुंधतीनं कबूल केलं. "पण तुला माहीत होतं ना, ही मातीत जगत नाही?"

"होतं तर. मातीत बसवताना माफी मागितली हो मी तिची. पण घरात राहणारी कुंडी ती एकच. बाल्कनीतल्या तुम्ही दर हिवाळ्यात फेकता. बागेत खड्डा खणू का, म्हणून मल्हाररावांना आडून विचारलं, तर म्हणाले, आई, इथे खड्ड्यालासुद्धा अर्ज करावा लागतो. मग काय कचऱ्यात टाकू? तुमचे डबे तरी चार रंगांचे. कुठल्या रंगात टाकायची असते गं नातीची नाळ?"

अरुंधती हसली.

"आणि जुना फोटो पाठवलास, ते कळलं हो मला," आई म्हणाली. "त्यात कुंडी जुनी होती. म्हटलं, गेली वाटतं आमरी. तुला बोल कुठल्या तोंडानं लावू?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता असं कर. कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव ती माझ्याकडे. तुझी आंब्याखाली आहे, तिच्याशेजारी ठेवते."

आंबा अरुंधतीच्या डोळ्यांसमोर आला. खालची ओली पानं, धुण्याचा दगड, बेचक्यातले गुलाबी तुरे. त्या पुरचुंडीबरोबर आपल्यालाही कुणी बांधून पाठवलं तर बरं, असं तिला इतकं आतून वाटलं, की ती पलंगावर बसलीच. ओवी तिच्या मांडीवरून खिडकीकडे झेपावत होती. खाली अंगणात बर्फाखाली लिंडनचं झाड उभं होतं.

"नको," अरुंधती म्हणाली. "हिची इथेच राहू दे. खाली अंगण आहे. फ्राउ हार्टमान म्हणाल्या, त्या झाडाखाली त्यांनी त्यांचं मांजर पुरलंय, कुणी विचारायला आलं नाही."

"मांजराशेजारी?" आई ओरडली.

"दुसऱ्या बाजूला गं. पण मी नाही पुरणार."

"का?"

"मला येत नाही."

"न यायला काय त्यात? खड्डा करायचा आणि..."

"तू पुरलीस. तूच ये आणि पुन्हा पुर." मग घाईघाईनं, धीर सुटायच्या आत, "तुझे नव्वद दिवस मार्चमध्ये परत मोकळे होतात. मी मोजलेत."

तिकडून बाबांचा खोकला ऐकू आला, कुठे तरी कुकरची शिटी.

"आत्ता जमीन कशी आहे तिकडे?" आईनं विचारलं.

"दगड."

"म्हणजे आत्ता नाहीच व्हायचं."

"नाहीच."

"मऊ कधी होते?"

"मार्चच्या शेवटी."

"हं," आई म्हणाली. फोन तिनं ओट्यावर उपडा ठेवला असावा, कारण पडदा काळा झाला. आवाज मात्र येत राहिला, लांब लांब जाणारा: "अहो, माझा पासपोर्ट कुठल्या कपाटात घातलात?"

दुसऱ्या दिवशी ओवीची अंघोळ झाली आणि अरुंधती सवयीनं भरलेला तांब्या घेऊन खिडकीशी येऊन उभी राहिली. हात पुढे झालासुद्धा. मग आठवलं. आमरी आपल्या चार मुळांवर बसली होती, पेल्याला टेकून. अंगावर पाजतेस, पाणी पी गं, असं आई दिवसातून दहादा म्हणायची. अरुंधतीनं तांब्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं.