जावईबापूंच्या ब्रेकातली हवा

दिवाळसणाला जावई आला तशी नीळकंठरावांची जीभ सोवळ्यात गेली. जन्म यवतमाळात गेला, नोकरी इथल्याच कचेरीत झाली, घरात ‘मले-तुले’ चालायचं. पण मंदार पडला पुण्याचा. म्हणून ते बायकोलासुद्धा ‘मला जरा चहा देतेस का?’ असं विचारू लागले. ते ऐकून सुचित्राबाईंना वाटलं, यांना ताप आला.

त्या दिवशी बाभुळगावजवळच्या शेतात सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून पूजा करायची, मगच बोंडाला हात लावायचा, ही वऱ्हाडाची रीत. शेती बघायची ती नीळकंठरावांची थोरली बहीण, रुखमाबाई. साल असं तोट्याचं होतं, की जिल्ह्यात कापसापेक्षा कापसाच्या दैन्यावर लिहिणारे पत्रकारच जास्त आले होते. नीळकंठरावांनी वर्षभर भुणभुण लावून बहिणीकडून कबूल करून घेतलं होतं, की हे कापसाचं शेवटचं साल, पुढे सोयाबीन. तिनं एकच अट घातली. “शेवटच्या सीतादह्याले तुमी समदे या, जावयासकट. तुमी आल्याबिगर मी बोंडाले हात लावत नाई.”

रुखमाबाई बोलली म्हणजे बोलली. वेचणाऱ्या बाया खोळंबल्या तरी ती बांधावर बसून राहिली असती. नीळकंठरावांनी शब्द दिला होता, आणि कापूस सोडायला तिला आपणच लावलं, हे मनाला टोचत होतं ते वेगळंच.

आणि नेमक्या त्याच सकाळी मंदारनं गाडीचा ब्रेक दुरुस्त केला.

कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या चाकातून ब्रेक ऑईल झिरपताना दिसलं, तसा हा इंजिनियर गडी बाजारातून ब्रेकचा नवा सिलिंडर घेऊन आला, बाह्या सरसावून बसला आणि तासाभरात जुना काढून नवा बसवला. नीळकंठरावांना कौतुक वाटलं आणि धास्तीही. पण जावयाला ‘राहू द्या’ म्हणायची आपल्यात पद्धत नाही. काम झाल्यावर मंदारनं पाय ठेवला, तर ब्रेकचं पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं.

“नळीत हवा शिरली आहे, बाबा. काढावी लागेल. मी पेडल दाबून धरतो, तुम्ही चाकामागचा नट सैल करा. हवा बाहेर आली की नट बंद करा. नट बंद झाल्याशिवाय मी पाय उचलणार नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाईल.”

“अवश्य,” नीळकंठराव म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला.

ते पाना घेऊन चाकाशी पालथे झाले. नटाला एक पारदर्शक नळी, नळीचं तोंड बाटलीत. मंदारनं आतून ओरडून सांगितलं, “दाबलंय!” यांनी नट सैल केला. ऑईलबरोबर बुडबुडे आले. यांनी नट आवळला.

“बंद केलं?” आतून प्रश्न आला.

“हव!”

आता माणूस सगळं शुद्ध बोलेल, ‘अवश्य’सुद्धा म्हणेल, पण ‘हो’ म्हणताना कोणाला भान असतं? जन्मभर ‘हव’ म्हटलेल्या तोंडातून ‘हव’च निघतं. आणि गाडीत बसलेल्या पुणेकराला ते ऐकू आलं ‘हवा’.

“अजून आहे? बरं, पुन्हा!”

असं चार-पाच वेळा झालं. बुडबुडे केव्हाच थांबले होते, नळीतून नितळ ऑईल येत होतं. नीळकंठरावांना ते दिसत होतं. पण जावई पुन्हा म्हणतो म्हणजे पुण्याकडे आणखी बारकाईनं करत असतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तिकडे मंदारच्या पायाखाली पेडल चांगलं टणक झालं होतं. पण सासरे डोळ्यांनी बघून ‘हवा’ म्हणताहेत, तेव्हा आपल्या पायाचं काय खरं? एकमेकांचा मान राखण्याच्या नादात दोघेही शहाणे ऑईल सांडत राहिले.

शेवटी बॉनेटखालची ऑईलची डबी कोरडी पडली आणि हवा खरोखरच आत शिरली. पेडल पुन्हा तळाला.

“बाबा, ही हवा संपतच नाही!” मंदार रडकुंडीला आला.

“संपेल, जावईबापू, संपेल,” नीळकंठराव म्हणाले. ऊन अंगणभर पसरलं होतं. रुखमाबाई बांधावर बसली असेल, या विचारानं ते घाईघाईनं पुन्हा चाकाशी पालथे झाले.

लेक ऋचानं दुकानातून ऑईलची नवी बाटली आणली. डबी भरली, पुन्हा ‘दाबलंय’, पुन्हा ‘बंद केलं?’, पुन्हा ‘हव!’ आणि मंदार हताश होऊन म्हणाला, “अजून हवाच!”

ऋचा आधी थिजली. मग ओट्यावर बसून इतकी हसली, की तिला बोलताच येईना.

“अरे, बाबा ‘हो’ म्हणताहेत! ‘हव’ म्हणजे हो!”

मंदारनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नीळकंठरावांनी चाकामागून काढलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सासऱ्याची दोन दिवसांची सोवळी जीभ तिथल्या तिथे विटाळली.

“मंग एवढ्या वेळचा मले इथं कायले लोळवून राह्यला बे तू?”

सुचित्राबाईंनी कपाळाला हात लावला. जावयाला ‘बे’! पण मंदार स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. त्यानंतर नीळकंठराव दणदणीत वऱ्हाडीत हुकूम सोडत राहिले, मधूनमधून डबीत ऑईल ओतलं गेलं, आणि बघता बघता पेडल टणक झालं. गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा गाडी नेऊन ब्रेक मारून पाहिला, आणि मग सगळे निघाले.

शेतात पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बाया निंबाच्या सावलीत पेंगत होत्या आणि रुखमाबाई एकटी उन्हात बांधावर बसली होती. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, “आले काय? चला.” नीळकंठरावांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पूजा झाली. पहिलं बोंड तिनं जावयाला वेचायला लावलं. मंदारनं तो कापूस तळहातावर धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग अगदी मनापासून म्हणाला, “आत्या, पुढच्या वर्षीही आम्ही सीतादह्याला येणार.”

नीळकंठरावांनी डोळ्यांनी खूप खुणावलं. उपयोग झाला नाही.

“आयकलं काय रे नीळू?” रुखमाबाईचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. “जावयानं शब्द दिला. आता सोयाबीनले दहीभात दाखवू काय मी?”

वर्षभराची भुणभुण मातीत गेली. आकडेमोड सगळी पाठ होती, वादही तयार होता. पण बहिणीचं हसू पाहून नीळकंठरावांना आपण हरल्याचा इतका आनंद झाला, की त्यांचा त्यांनाच राग आला.

“बांधाकडची दोन एकर,” ते म्हणाले. “त्याच्यावर कापसाची एक ओळ जरी लावशीन तर याद राख, अक्का.”

“तीन,” म्हणाली रुखमाबाई, आणि ओटी खोचून वेचायला निघाली.