आत्याच्या हातची गाडी

हे लिहिता लिहिता राहिलंच होतं, खरं सांगतो. म्हटलं, यात सांगण्यासारखं आहे तरी काय? एक जुनी गाडी, ती सुरू होत नाही. बस. ऐकणाऱ्याला इथेच जांभई यायची. पण त्या दिवसांत आमच्या समोरच्या पोराच्या डोक्याचा जो भुगा झाला, तो मी गॅलरीतून रोज बघत होतो. बाकीचं त्याने नंतर स्वतःच सांगितलं, अगदी पोट धरून हसत. म्हणून मग घेतलं लिहायला.

तर त्याला सगळे पान्या म्हणतात. खिशात कायम दहा-बाराचा पाना, म्हणून. नोकरी झेरॉक्सच्या दुकानात. गाड्यांचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. आधी घरचा मिक्सर उघडून बसला, मग शेजाऱ्यांची स्कूटर, मग मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून थेट इंजिनापर्यंत पोचला. उघडलेलं सगळं पुन्हा बसतं असं नाही, पण उघडताना त्याचा हात थरथरत नाही, हे मानावं लागेल.

गाडी आत्याची, म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीची. फिक्कट निळी, बुटकी, गोल दिव्यांची. मागून बघितली तर कुणीतरी रुसून बसलंय असं वाटतं. पान्याच्या जन्माआधीपासून आत्या ती चालवतेय. शाळा सुटली की गेटाबाहेर ती निळी पाठ दिसायची आणि पान्या धावत सुटायचा. बाकी पोरांना खेळणी आवडायची, याला मागच्या सीटचा वास.

आता आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. क्लच दाबला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, झालं तेवढं पुरे. आणि ही बातमी कुठून कशी पसरली कोण जाणे, कोपऱ्यावरचे हॉटेलवाले गाडीला मागणी घालायला आले. त्यांना ती हॉटेलच्या दारात उभी करायची होती. इंजिन काढून टाकायचं आणि बॉनेटमध्ये फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या. "लोक फोटो काढतील हो, ताई," असं म्हणाले.

ते गेल्यावर आत्याने पान्याला विचारलं, "तुला हवीये का रे?"

"आत्या, हे काय विचारणं झालं?"

"मग सुरू करून दाखव. सकाळची, थंडगार पडलेली गाडी, तुझ्या हाताने. रविवारी ते परत येतायत. त्यांच्यासमोर झाली सुरू, तर तुझी. नाही झाली, तर कुंड्या."

"असं काय गं!"

"असंच. ज्याला सुरूच करता येत नाही, त्याच्या दारात गंजत पडण्यापेक्षा फुलं बरी. निदान कुणी बघेल तरी तिच्याकडे."

पान्याला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? आत्या एकदा खाली उतरून दाखवून गेली. खांद्याला तिची ती धोंड्यासारखी जड पर्स. आत बसली, जरा मागेपुढे झाली, किल्ली फिरवली. घर्र, घर्र, आणि इंजिन बोलायला लागलं. ते जरा तापल्यावर पर्समधून गॉगल काढला, पर्स शेजारच्या सीटवर टाकली आणि एक चक्कर मारून आली.

"बघितलंस? मी काहीही करत नाही. बसते, किल्ली फिरवते, निघते."

पान्याने लगेच किल्ली घेतली. एका फटक्यात सुरू! तो घरी शीळ घालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने त्याला ओळखच दाखवली नाही.

घर्र, घर्र, घर्र. नुसतं घरघर. चोकची दांडी ओढून, न ओढता, ॲक्सिलरेटर दाबून, न दाबता, सगळं झालं. स्टार्टर फिरतोय, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही पेट घेईना. त्यात बाहेर वारा सुटलेला आणि गाडीत कुठूनतरी गार झोत थेट घोट्यांवर येत होता. आत्याला म्हणाला, तर ती म्हणे, "माझ्या वेळी कधी येत नाही वारा. तूच घाबरून गारठला असशील."

मग त्याने पंक्चरला बोलावलं. पंक्चर म्हणजे त्याचा जिवलग मित्र. टायरच्या दुकानात असतो. पण नाव पडलंय ते दुसऱ्याच कारणाने. कुणी आनंदात काही सांगायला लागलं की हा दोन शब्दांत हवा काढतो.

पंक्चरने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि विचारलं, "चोक बघितलास?"

"बघितला."

"नक्की?"

"अरे बघितला म्हणतोय ना! थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ती दांडी ओढली की मिळतं. एवढं येतं मला."

"बरं बाबा, तू शहाणा."

झालं. तिथून पुढे दोघे जे भरकटले ते भरकटले. प्लग काढले, घासले, परत लावले. ठिणगी मस्त निळी. पेट्रोल येतंय का बघायला पंक्चरने नळी तोंडात धरून ओढली, तर आलं की! इतकं आलं की तो थुंकत थुंकत नळापर्यंत धावला. पॉइंट साफ केले. कॉइल बदलून पाहिली. कार्ब्युरेटर उघडला, त्यातलं सगळं दिव्यापुढे धरून पाहिलं, परत बसवला. आणि आश्चर्य म्हणजे सगळं बसलं, एकही स्क्रू उरला नाही. पान्याला तेवढाच काय तो आनंद.

सकाळी पुन्हा घर्र, घर्र.

मग वैतागून आत्याला हाक मारायची. आत्या बाजाराला निघालेलीच असायची. गुडघा चोळत, कुरकुरत आत बसायची, आणि गाडी सुरू! तिच्या हातून एकदाही चुकली नाही. आणि एकदा का इंजिन तापलं की तीच गाडी दिवसभर पान्याचंही मुकाट ऐकायची. त्यामुळे रोज दुपारी त्याला वाटायचं, जमलं बुवा आपल्याला. आणि रोज सकाळी तोंडावर आपटायचा.

"ती तुला भाव देत नाहीये," पंक्चर म्हणाला. "बाईच्या हाताची सवय आहे तिला."

"गाडीला हात कळतात का?"

"मग तू सांग काय ते. तूच बघितलंयस ना सगळं."

डोकं चालेनासं झालं की माणूस काय काय करतो! त्याने आत्यासारखी सीट पुढे ओढली. आत्या चपला काढून बसते, म्हणून हाही अनवाणी बसला. पाय आणखीच गारठले. आत्याचं वजन आपल्यापेक्षा जास्त, म्हणून शेजारच्या सीटवर पाण्याचा भरलेला कॅन ठेवला. पंक्चर बाहेर उभा राहून हसून हसून वाकला. "आता जरा आत्यासारखा खोक, म्हणजे तिला पटेल!"

पान्या खरंच खोकला. नाहीच झाली.

एकदा चिडून त्याने डॅशबोर्डखालच्या सगळ्या वायरींत हात घालायला सुरुवात केली, तशी आत्या ओरडली, "त्या खुंटीला हात लावू नकोस हं! पर्स अडकवते मी तिला. बाकी काही कामाची नाहीये ती."

डॅशबोर्डखाली तशा दोन दांड्या होत्या, काळ्या गोल मुठीच्या, अगदी जुळ्या बहिणी. त्यांवरची अक्षरं कधीच पुसून गेलेली. स्टिअरिंगजवळची ती चोकची. पलीकडची आत्याची खुंटी. पान्याने हात मागे घेतला आणि पुन्हा वायरींत शिरला.

रविवार उजाडला तेव्हा त्याला झोप नव्हती. मागची सीट, तो वास, शाळेचं गेट आणि त्यावर फुलांच्या कुंड्या, असं सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. हॉटेलवाले वेळेआधीच आले, तेही टेप घेऊन. बॉनेटची लांबी-रुंदी मोजायला लागले.

"काका, जरा थांबा ना," पंक्चर म्हणाला. "पेशंट अजून जिवंत आहे."

पान्या आत बसला. दांडी ओढली. किल्ली फिरवली. घर्र, घर्र. पुन्हा. घर्र. वाऱ्याचा झोत घोट्यांवर. पुन्हा. आता स्टार्टरचाही आवाज बसत चालला. तो बाहेर आला आणि कुणाकडेच बघेना.

आत्याचा चेहरा उतरला होता. हरला तो पान्या, पण रडवेली झाली ती. "थांब," ती म्हणाली. "शेवटची मीच सुरू करते. चालती देते यांना. बंद पडलेली नाही देणार."

घरातल्याच कपड्यांत, ओल्या हातांनी खाली आलेली ती तशीच आत बसली. किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, घर्र.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पंक्चरच्या तोंडून हसूच फुटेना. आत्याने पुन्हा किल्ली फिरवली. काही नाही. तिने स्टिअरिंगवरून हात काढला आणि तिचा श्वास लागला.

"असं कधी झालं नाही," ती म्हणाली. "कधीच नाही रे. काय केलंत तुम्ही पोरांनी तिला?"

पान्याला धरणी दुभंगावी असं झालं. इतके दिवस निदान आत्याच्या हातून तरी सुरू होत होती. आता तीही नाही. म्हणजे आपणच बिघडवली. कार्ब्युरेटर उघडायला नको होता. नको होता उघडायला.

"आत्या, पाणी आणू?" पंक्चरने विचारलं.

"माझी पर्स आण वरून. त्यात गोळी आहे."

पंक्चर धावत वर गेला, पर्स आणि पाणी घेऊन आला. आत्याने गोळी काढून घेतली, दोन घोट पाणी प्यायली आणि पर्स बंद करून ठेवून दिली. तिच्या नेहमीच्या जागी. डाव्या हाताने खुंटी बाहेर ओढली, मुठीमागच्या दांडीवर पट्टा अडकवला. बघितलंसुद्धा नाही तिकडे. आणि देवाचं नाव घ्यावं तसं म्हणाली, "एकदाच, बाई. एकदाच."

घर्र, घर्र, आणि इंजिन बोलायला लागलं.

हॉटेलवाल्यांच्या हातातली टेप सुर्रकन आत गेली.

"पर्समध्ये काय आहे?" पंक्चरने एकदम विचारलं.

"म्हणजे?"

"आत्या, पर्समध्ये काय आहे? पर्स नव्हती, नाही झाली. पर्स आली, झाली."

"गोळ्या आहेत, गॉगल आहे, किल्ल्या... अरे मूर्खा, पर्समध्ये काय असणार!"

पान्या मात्र पर्सकडे बघत नव्हता. तो पर्स जिथे लटकत होती तिकडे बघत होता. दांडी बाहेर आली होती, चांगली बोटभर. पर्सच्या ओझ्याने ती तशीच ओढलेली राहिली होती. त्याने वाकून पट्टा काढला. दांडी आपोआप सुळकन आत गेली. इंजिनाने दोन गचके दिले आणि बंद पडलं.



त्याने बॉनेट उघडलं. "पंक्चर, आत्याशेजारी बस आणि ती खुंटी ओढ." पंक्चरने खुंटी ओढली. कार्ब्युरेटरवरचा छोटा लिव्हर हलला. "आता ती दुसरी." पंक्चरने पान्याची ती चोकची दांडी ओढली. इकडे काहीच हललं नाही. तिकडे पंक्चरच्या पायाशी, आतल्या बाजूला, एक झडप उघडली.

"अरे," पंक्चर म्हणाला, "इथून तर वारा येतोय!"

पान्या बॉनेटवर डोकं टेकवून उभा राहिला. खांदे हलत होते. रडतोय की काय म्हणून आत्या घाईने बाहेर आली, तर तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"आत्या, तुझी खुंटी हाच चोक आहे गं! मी इतके दिवस पायांना हवा घालत होतो."

आत्या विचारात पडली. "गाडी शिकवणाऱ्याने सांगितलं होतं खरं," ती हळूच म्हणाली. "निघायच्या आधी ही ओढायची म्हणून. मी ओढली, तर पर्स काय छान अडकली! मला वाटलं, त्यासाठीच दिलीये. बायकांची सोय बघितलीये म्हटलं कुणीतरी."

यावर हॉटेलवालेही हसले.

पण आत्याची अट म्हणजे अट. गाडी गार होईपर्यंत सगळे थांबले. हॉटेलवाल्यांना घरात बसवून चहा दिला. मग पान्या एकटा आत बसला. आत्याने खिडकीतून पर्स दिली. त्याने दांडी ओढली, पट्टा अडकवला, किल्ली फिरवली. घर्र... आणि सुरू. त्याच्या हाताने.

"ताई, मग कुंड्यांचं?" हॉटेलवाल्यांनी विचारलं.

"जमिनीवर ठेवा," आत्या म्हणाली. तिने पर्समधलं सगळं काढून ओच्यात घेतलं आणि जागा भरायला पान्याचे दोन जड पाने आत टाकले. "ही राहू दे गाडीतच. मी नवीन घेईन. हिच्याशिवाय तुला काही जमायचं नाही."

पहिली चक्कर पंक्चरला. कोपरा वळेपर्यंत पंक्चर गप्प बसला, आणि तो गप्प बसला की समजावं, हवा भरतोय.

"पहिल्या दिवशी मी काय विचारलं होतं?"

पान्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "चोक बघितलास का."

"आणि तू काय म्हणालास?"

"बघितला म्हणालो."

"माझ्या तोंडात पेट्रोल गेलं, पान्या. अजून भाकरीला पेट्रोलचा वास येतो मला. नुसतं 'बघतो' म्हणाला असतास तर काय झिजला असतास?"

पान्याने सिग्नलला गाडी थांबवली. पर्स काढून पंक्चरच्या मांडीवर ठेवली. दांडी आत गेली, इंजिन शांत, एका लयीत चालत राहिलं. मग त्याने हात पुढे केला.

"ऐक. यापुढे तू विचारलंस की आधी वाकून, हात लावून बघेन. मग तोंड उघडेन. अगदी हजारदा बघितलेलं असलं तरी. शब्द देतो तुला."

पंक्चरने पर्स सावरली आणि त्याच्या हातावर टाळी दिली. "दे. आणि आता आधी ती दुसरी दांडी आत ढकल, माझे पाय गारठले."