फ्लेक्सवरचे दोन आलेख

अक्षदाच्या सत्काराला अजून वेळ होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत देवळासमोर मांडव घातला होता. वाडीच्या मुंबई मंडळाने छापून आणलेला फ्लेक्स धोंडू बांबूंना बांधत होता. त्यावर तिचा फोटो होता आणि शेजारी तिच्याच संशोधनातले दोन आलेख, चांगले हातभर उंच.

"आमची पोर ताऱ्यांचे एक्स-रे काढते," मंडळाचे अध्यक्ष भागोजीकाका सांगत होते.

"का? ताऱ्याची तंगडी मोडली हाय का?" धोंडूने वरूनच विचारलं.

अक्षदा खळखळून हसली. पुण्यात ती एका पल्सारचा, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्याचा अभ्यास करत होती. प्रत्येक फेरीला त्याच्याकडून क्ष-किरणांचा झोत येतो, तसाच गॅमा किरणांचाही. दोन्हींची शिखरं बहुधा वेगवेगळ्या क्षणी येतात. तिच्या आलेखांत मात्र ती एकाच क्षणी येत होती. म्हणजे दोन्ही किरण एकाच जागी जन्मतात, हा तिचा शोध. तिच्या मार्गदर्शक मॅडम आज तो परिषदेत मांडणार होत्या.

धोंडूने खालची दोरी ताणली, सुरकुत्या गेल्या, आणि अक्षदाचं हसू जागीच थिजलं.

शिखरांच्या मधला खडबडीतपणाही इथे मोठा झाला होता. तो निव्वळ गोंगाट, योगायोगाने उमटणारा. दोन वेगळ्या दुर्बिणींत तो सारखा येऊच शकत नाही. वरच्या आलेखात तीन दाते, मग खाच. खालच्यातही तीन दाते, मग खाच. पार टोकापर्यंत तसंच.

तिने लॅपटॉप उघडला. क्ष-किरणांच्या फोल्डरमध्ये गॅमाचीच फाईल होती. तिनेच ठेवलेली.

तिने फोन लावला.

"मॅडम, मांडू नका. मी गॅमाची तुलना गॅमाशीच केलीय."

"अक्षदा, आता माझंच नाव पुकारतायत."

"सगळंच चुकलंय, मॅडम."

"बरं. व्यासपीठावर तसंच सांगते." फोन बंद झाला.

इकडे माइकवर तिचं नाव आलं. ती पुढे गेली.

"काका, हा फ्लेक्स उतरवा. त्यावरचं खरं नाही."

धोंडू फ्लेक्सपाशी आला.

"छापणाऱ्यानं घोळ घातला काय गो?"

"नाही, धोंडूदादा. मी घातला."

"मंग त्या ताऱ्याचं काय?" पुढे बसलेल्या सोनाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, आजी. त्याचे क्ष-किरण मी अजून पाहिलेलेच नाहीत."

भागोजीकाका आ वासून तिच्याकडे बघत राहिले. टाळी कुणी वाजवली नाही, पण जागचं उठलंही कुणी नाही.