पहिली रांग, पाचवी कबर

दफनभूमीला शंभर वर्षं होणार म्हणून साहेबांनी मला तिचा इतिहास लिहायला सांगितलं. दोन पानं, मोठ्या अक्षरात, फाटकापाशी लावायला. कार्यालयात इतिहासाचा पदवीधर मी एकटाच. एवढ्या वर्षांत त्या पदवीचा हा पहिलाच उपयोग.

रजिस्टरात अठ्ठेचाळीस सैनिक होते. चार रांगा, रांगेत बारा. मी सहज मोजायला गेलो तर कबरी छत्तीसच. मेलेले पळून जात नाहीत, त्यामुळे तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

अवजारांच्या खोलीत फावड्यांमागे लोखंडी पाट्यांची चळत सापडली. त्या बरोबर बारा निघाल्या. नावं सगळी रजिस्टरातल्या चौथ्या रांगेतली.

"उरल्या त्या," माळीकाका म्हणाले. "पस्तीस वर्षांमागं रस्ता रुंद झाला तेव्हा सगळ्या रंगवायला काढलेल्या. रजिस्टरात पहिली रांग फाटकाजवळ लिहिलीय, म्हणून फाटकाजवळ लावली. सायकल जोडतानाही दोन-चार नट उरतातच की."

"जुनं फाटक कुठं होतं?"

त्यांनी हातातल्या पाइपानंच कुंपणापलीकडे दाखवलं. "तिकडं. आता बसथांबा आहे ना, त्याच्या जरा अलीकडं."

म्हणजे खरी पहिली रांग रस्त्याखाली होती, आणि तिच्या पाट्या दुसऱ्या रांगेवर.

"हाडं काढली असतील ना आधी?"

"ठेकेदार म्हणाला, काढली. मी त्या दिवशी रजेवर होतो." काका पाइप गुंडाळायला लागले. "त्या दिवशी सगळेच रजेवर होते."

एरवी मी ही गंमत चहाच्या टेबलावर सांगून मोकळा झालो असतो. पण पहिल्या रांगेतली पाचवी कबर मावशींच्या भावाची होती. कार्यालयात सगळेच त्यांना मावशी म्हणायचे; वयानं ऐंशीच्या पुढे. तीस वर्षं दर गुरुवारी बसनं यायच्या, बसथांब्यावर उतरायच्या आणि कबरीशी बसून भावाला घरातल्या कागाळ्या सांगायच्या. आता लेक त्यांना कायमची आपल्या गावी नेणार होती. भावाला मागे टाकून जायचं नाही, आईशेजारी नेऊन ठेवायचं, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. नऊ वर्षांनी तो मंजूर झाला. सोमवारी कबर उघडायची होती, आणि पाट्या मला सापडल्या शुक्रवारी.

मी साहेबांपुढे रजिस्टर उघडून ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि मिटलं.

"मग आता रस्ता खणायचा म्हणता?"

"निदान मावशींना सांगू या, साहेब."

"सांगा की. तुमचा भाऊ बसखाली आहे म्हणावं, आणि तीस वर्षं तुम्ही परक्याशी बोलताय. जमेल?" त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "हाड काय नाव सांगतंय? तुम्ही इतिहास लिहा, इतिहासात पडू नका."

सोमवारी मावशी नवं पांढरं कापड घेऊन आल्या. खणायला सुरुवात होण्याआधी त्यांनी माझी बाही धरली.

"तू शिकलेला आहेस, कागदपत्रं बघतोस. हाच ना रे तो?"

मी खरं सांगायचं ठरवूनच आलो होतो. दाढी करताना वाक्यही पाठ केलं होतं. पण त्यांचे डोळे पाहिले आणि तोंडातून निघालं, "हाच, मावशी."

दोघा मजुरांना दुपार झाली. मातीतून एकेक हाड वर येत होतं आणि मावशी ते स्वतःच्या हातानं कापडावर मांडत होत्या. मांडीचं हाड आलं तेव्हा थांबल्या. ते त्यांनी स्वतःच्या पायाशी लावून पाहिलं. त्यांच्या मांडीपेक्षा चांगलं चार बोटं लांब होतं. माळीकाकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता कळलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण माझं काम परस्पर होणार होतं.

"बघितलंस?" मावशी म्हणाल्या. "घरातून गेला तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता. बुटका म्हणून चिडवायचो आम्ही सगळे." त्यांनी हाडावरची माती पदरानं पुसली. "किती उंच झाला होता रे. आईला बघायला मिळालं नाही."

लेक म्हणाली, "आई, गाडी थांबलीय."

"आले गं." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या त्या इतिहासात लिही हं. इथं आल्यावर तो उंच झाला."

मी लिहिलं. साहेबांनी सगळ्या मजकुरावर काट मारली, हे वाक्य तेवढं ठेवलं.